मुलाचं डिप्रेशन, मुलाची वीर्यतपासणी आणि आपण आई-वडील

या व्याख्यानमालेत आतापर्यंत बहुतेक वेळा शाळकरी मुलांचे पालक समोर असायचे. आज मुद्दाम वेगळी मंडळी बोलावली आहेत. ज्यांची मुलं अठ्ठावीस, तीस, पस्तीस वर्षांची आहेत, नोकरी करतात, काहींची लग्नं झाली आहेत, आणि तरीही ज्यांची काळजी आई-वडिलांच्या डोक्यातून जात नाही, असे आपण सगळे. आम्ही दोघं एकत्र काम करतो, एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक. त्यामुळे आज जे बोलणार आहोत ते ‘आम्ही’ म्हणूनच बोलू.

विषय दोन आहेत: मोठ्या मुलाच्या डिप्रेशनचा उपचार आणि त्याला मूल होईल की नाही ही शंका. हे दोन विषय एकत्र का घेतले, तर घराघरांत ते एकत्रच येतात म्हणून. एक चित्र सांगतो. ते कुण्या एका घरचं नाही, अनेक घरांचं मिळून आहे. मुलगा डिप्रेशनच्या गोळ्या घ्यायला लागतो. पाच-सहा आठवड्यांत झोप लागायला लागते, जेवण सुधारतं, तो ऑफिसला जायला लागतो. घरात जरा मोकळं वाटतं. आणि मग एक दिवस आईच्या लक्षात येतं की गोळ्यांची पट्टी तशीच पडून आहे. विचारलं तर म्हणतो, ‘आता बरं वाटतंय.’ पण खोलात गेलं की कळतं, लग्नाला दोन वर्षं झालीत, आणि कुणीतरी, कधी मामेभाऊ, कधी मेडिकलवाला, कधी मोबाईलवरचा व्हिडिओ, त्याला म्हणालाय की या गोळ्यांनी मूल होत नाही. पुढच्या दोन-तीन महिन्यांत आजार परत येतो, आणि या वेळी जास्त जोरात येतो.

म्हणून आज आम्हाला मुख्यतः एकच गोष्ट समजावून सांगायची आहे. मुलाच्या बापपणाच्या काळजीपोटी त्याचा उपचार तुटू नये, यासाठी आई-वडील नेमकं काय करू शकतात, आणि काय करू नये.

आधी आजाराबद्दल थोडं

डिप्रेशनला मराठीत नैराश्य म्हणतात, पण ‘निराश वाटणं’ आणि हा आजार यांत फरक आहे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं, आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता, उत्साह, स्वतःबद्दलचं मत हे सगळं बिघडणं, याला आजार म्हणायचं. पुरुषांमध्ये तो बऱ्याचदा रडण्यातून दिसत नाही. चिडचिडीतून दिसतो. दारू वाढते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल चालू राहतो. पाठ दुखते, अॅसिडिटी होते, आणि तपासण्या मात्र नॉर्मल येतात. वडील म्हणतात, ‘आळशी झालाय.’ आई म्हणते, ‘नजर लागली.’

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येणाऱ्यांचं प्रमाण त्यात साधारण वीसात एक असं निघालं, आणि अशा दहांतल्या आठांहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोचतच नाही असंही दिसलं. दुसरा आकडा सांगताना जड जातं, पण सांगतो. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांतले साधारण ७२ टक्के पुरुष होते. राज्यांमध्ये सगळ्यांत जास्त नोंदी महाराष्ट्रातल्या, २२,७४६. घाबरवायला हे सांगत नाही. गोळी बंद करण्याची किंमत काय असू शकते, याचा अंदाज असावा म्हणून सांगतो.

गोळ्यांविषयी तीन गोष्टी माहीत असल्या की पुरे. एक, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा-आठ. दुसरी, बरं वाटायला लागल्यावरही पहिल्या वेळच्या आजारात साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावं लागतं. आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याहून जास्त. एकदा डिप्रेशन झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना ते पुन्हा होतं, म्हणून ही काळजी. तिसरी, गोळी एकदम बंद केली तर चक्कर, झोप उडणं, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. त्याला लोक ‘गोळीची सवय लागली’ म्हणतात. ती दारूसारखी सवय नव्हे. शरीराला जुळवून घ्यायला वेळ दिला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हळूहळू कमी केल्या की हे त्रास बहुतेकांना टळतात किंवा सौम्य राहतात.

आणि पंचविशीच्या आतला मुलगा असेल तर सुरुवातीच्या काही आठवड्यांत बेचैनी वाढते का, मरणाचे विचार बोलून दाखवतो का, याकडे लक्ष ठेवा. ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असं सरळ विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत. उलट विचारणारं कुणीतरी आहे हे त्याला कळतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गावाकडच्या घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते बघा आणि ते घराबाहेर, कुलपात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आता गोळ्या आणि मूल

इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळा गोंधळ इथेच आहे. आणि तो गोंधळ आपल्या भाषेतही आहे. बाईला मूल नाही म्हटलं की आपल्याकडे एक क्रूर शब्द होता. पुरुषासाठी तसा वेगळा शब्दच नाही. मूल नाही म्हणजे ‘नामर्द’, शरीरसंबंध जमत नाही म्हणजेही ‘नामर्द’. दोन वेगळ्या गोष्टींना एकच शिवी. त्यामुळे मुलाला गोळ्यांनी यांतला एखादा त्रास झाला की त्याला वाटतं सगळंच संपलं.

प्रत्यक्षात चार वेगळ्या गोष्टी आहेत. कामेच्छा, म्हणजे संबंधाची ओढ. लिंगाला ताठरता येणं. वीर्यपतन. आणि वीर्यात शुक्राणू किती व कसे आहेत. पहिल्या तिन्ही गोष्टी डिप्रेशनमुळे बिघडतात, गोळी सुरू होण्याच्या आधीच. इच्छा मरणं हे तर आजाराचंच लक्षण आहे. मग गोळी सुरू होते. सध्या जास्त वापरल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या, म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, यांनी बऱ्याच पुरुषांना वीर्यपतन व्हायला उशीर लागतो, काहींना होतच नाही, काहींची इच्छा कमी होते. हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. या तक्रारी डोस बदलून, गोळी बदलून बहुतेक वेळा आटोक्यात आणता येतात. बुप्रोपिऑन, मिर्टाझापिन यांसारख्या औषधांनी हे त्रास कमी होतात. अर्थात प्रत्येकाला ती चालतातच असं नाही. ज्याला फिट येतात त्याला बुप्रोपिऑन देत नाहीत. म्हणून हे ठरवायचं डॉक्टरांनी.

राहिले शुक्राणू. २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबत नेहमी सांगितला जातो. ३५ निरोगी पुरुषांना पाच आठवडे पॅरोक्सेटिन दिलं. शुक्राणूंची संख्या, गती, आकार यांत विशेष फरक पडला नाही. पण त्यांच्या आतल्या डीएनएचे तुकडे होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि गोळी थांबवल्यावर ते खाली आलं. काही रुग्णांत एसएसआरआय चालू असताना संख्या आणि गती कमी झाली आणि औषध थांबवल्यावर सुधारली, अशाही नोंदी आहेत. याचा अर्थ काय लावायचा? परिणाम होऊ शकतो, सगळ्यांना होत नाही, आणि जिथे झाला तिथे तो परतण्याजोगा दिसला. ‘या गोळ्यांनी माणूस कायमचा वांझ होतो’ या वाक्याला आधार नाही.

दुसरी बाजू मात्र कुणी सांगत नाही. २०१८ साली अमेरिकेत मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांची माहिती तपासली गेली. तिथे ज्या पुरुषांना तीव्र डिप्रेशन होतं, त्यांच्या घरी मूल होण्याचं प्रमाण कमी आढळलं. तसे पुरुष संख्येने थोडेच होते, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभी करायला नको. पण विचार करा. ज्याला झोप नाही, इच्छा नाही, जो दारू आणि तंबाखूवर दिवस काढतोय, त्याचा आजार न बघता फक्त गोळी काढून घेतली तर मूल होण्याची शक्यता कशी वाढणार?

दोन कॅलेंडरं

आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांना आम्ही कागदावर दोन रेघा काढून देतो. एक रेघ गोळीची: दोन ते चार आठवडे, मग सहा-आठ आठवडे, मग सहा ते नऊ महिने. दुसरी रेघ शुक्राणूंची. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात, आणि पुढे नळीतून प्रवास करून पक्व व्हायला आणखी आठवडा-दोन आठवडे. म्हणजे आज जे वीर्य तपासतो, त्याची पेरणी जवळजवळ तीन महिन्यांपूर्वीची. शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही, शहरातल्याला लागतं.

जुलैत मुलाला डेंग्यू झाला, १०३ ताप आला, तर ऑगस्ट-सप्टेंबरचा रिपोर्ट बिघडलेला येऊ शकतो. तो डेंग्यूचा रिपोर्ट आहे, गोळीचा नाही. आज गोळी बदलली तर पुढच्या आठवड्यात वीर्य तपासून काही कळणार नाही, तीन महिने थांबावं लागेल. आणि आज तंबाखू सोडली तर तिचाही हिशोब तीन महिन्यांनीच मांडता येईल.

वीर्यतपासणीबद्दलही सांगायला हवं, कारण हा कागद आपल्या घरात निकालपत्रासारखा उघडला जातो. तपासणीआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन झालेलं नसावं. सगळा नमुना डबीत आला पाहिजे, पहिला भाग सांडला तर आकडे खोटे येतात. लॅबच्या संडासात, बाहेर चार माणसं रांगेत उभी असताना नमुना देणं कुणालाही अवघड. त्यात एसएसआरआयने आधीच उशीर लागतोय. अशा वेळी लॅबला विचारून घरी नमुना घेता येतो. तो शरीराच्या उबेत ठेवून अर्ध्या-एक तासात पोचवायचा. साधा कंडोम त्यासाठी वापरायचा नाही. आणि हो, ती डबी आईने न्यायची नाही. हसू नका, असं झालेलं आहे.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या पुस्तिकेत खालच्या मर्यादा दिल्या आहेत. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल करणारे ४२ टक्के, आणि आकाराने नॉर्मल ४ टक्के. या चारच्या आकड्याने किती घरं हादरली आहेत! रिपोर्टवर ‘अॅबनॉर्मल फॉर्म्स ९५ टक्के’ असं छापून येतं. डिप्रेशनमधला मुलगा ते वाचतो आणि आतून कोसळतो. ‘माझ्यात ९५ टक्के दोष आहे.’ अहो, उरलेले पाच टक्के म्हणजे मर्यादेच्या वर! ज्यांना वर्षभरात मूल झालं अशा पुरुषांमध्येसुद्धा नॉर्मल आकाराचे शुक्राणू थोडेच असतात. आणि या मर्यादा ठरवल्या कशा, तर अशा बापांपैकी सगळ्यांत खालच्या पाच टक्क्यांचा आकडा घेऊन. म्हणजे त्याच्या खाली असूनही बाप झालेली माणसं आहेत. एका रिपोर्टवर काही ठरत नाही. बिघडलेला वाटला तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करायचा.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा बायकोच्या कारणाबरोबर. तरी आपल्याकडे क्रम काय? आधी सुनेच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, उपासतापास, आणि सगळं झाल्यावर, वर्षभराने, मुलाची साधी स्वस्त तपासणी. ती आधी व्हायला हवी. वर्षभर नियमित संबंध असून दिवस राहिले नाहीत तर दोघांची तपासणी एकदमच करायची. बायकोचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच.

पुरुषाकडची कारणं पाहिली तर डिप्रेशनची गोळी त्यांत फार मागे येते. अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील. लहानपणी न उतरलेला वृषण. मोठेपणी गालगुंड होऊन वृषणाला सूज येणं. हॉर्मोनचे बिघाड. गुटखा, सिगारेट, दारू. भट्टीजवळचं काम. आणि गेल्या काही वर्षांत एक नवीनच, जिममधली इंजेक्शनं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचं हॉर्मोन, मग बाहेरून घेतलं की पुरुषत्व वाढेल असं पोरांना वाटतं. उलट होतं. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर मेंदू वृषणाला काम थांबवायला सांगतो, आणि शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात. बंद केल्यावर परत यायला कित्येक महिने जातात. डिप्रेशनमधल्या थकव्यावर ‘ताकदीचं इंजेक्शन’ देणारे लोक असतात. त्यांच्यापासून मुलाला लांब ठेवा.

‘माझ्याच पापाचं फळ’

आणखी एका गोष्टीवर आम्हाला थांबायचं आहे. बरेच मुलगे खासगीत सांगतात की तरुणपणी हस्तमैथुन केलं, धातू गेला, त्यामुळे आता मूल होत नाही आणि त्यामुळेच मनही कमकुवत झालं. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हे आपल्याकडे भिंतींवरच्या जाहिरातींतून पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलंय. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या भीतीला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. वृषणात शुक्राणू रोज कोट्यवधींनी तयार होत असतात, साठा संपत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ पर्यंत, शेवटपर्यंत, ते याच गैरसमजांशी भांडत राहिले, कोर्टाच्या फेऱ्याही त्यांनी भोगल्या. शंभर वर्षं होत आली तरी आपण घरात हा विषय काढत नाही.

हे इथे सांगण्याचं कारण असं की डिप्रेशनला अपराधी भावना लागतेच. आजाराला काहीतरी पाप शोधायचं असतं. मूल न होणं हे त्याला आयतं मिळतं. अशा वेळी आई नवस बोलते, वडील म्हणतात ‘आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही’, आणि मुलाच्या मनातल्या खटल्यात दोघंही नकळत सरकारी वकील होतात.

मग करायचं काय?

वडिलांनी एक वाक्य बोललं तर फार काम होतं. शब्द तुमचे घ्या, पण आशय असा: ‘हे बघ, या गोळ्यांनी नवरा-बायकोच्या संबंधात कधी कधी अडचण येते म्हणतात. ती माझ्याशी बोलायची गरज नाही. डॉक्टरांशी बोल, त्यांच्याकडे त्यावर उपाय असतात. फक्त मनाने गोळी बंद करू नकोस.’ एवढं बोलून विषय सोडून द्यायचा. उत्तराची वाट बघत बसायचं नाही. आमचा अनुभव असा की त्या क्षणी मुलगा काही बोलत नाही, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर तोंड उघडतो.

‘डॉक्टर आम्हाला काही सांगत नाहीत’ ही पालकांची तक्रार असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रौढ रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, तो तुमचा मुलगा असला तरी. पण डॉक्टर सांगू शकत नसले तरी तुम्ही डॉक्टरांना सांगू शकता. झोप किती, जेवण किती, मरणाची भाषा केली का, गोळ्या घेतोय का, हे एका कागदावर लिहून द्या, आणि दिलंय हे मुलालाही सांगा. पाठीमागून नको. त्याच कायद्यात आणखी एक सोय आहे. मुलगा साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. तो कुणाला नेमेल, तुम्हाला की बायकोला, हे त्याचं तो ठरवेल. बहुतेक वेळा बायकोला नेमावं असं आमचं मत.

सुनेशी बोलतानाही जपायला हवं. तिच्यावर दोन ओझी आहेत, नवऱ्याचा आजार आणि तुमची अपेक्षा. घरात बारशाचं, डोहाळजेवणाचं आमंत्रण आलं तर ‘तुम्ही दोघं नाही आलात तरी चालेल, आम्ही जाऊन येतो’ असं आपणहून म्हणा. ‘गोड बातमी कधी?’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांना उत्तर देण्याचं काम तुमचं, त्या दोघांचं नाही. ‘त्यांचं ते बघतील’ एवढं पुरतं. आणि पैशाची मदत करणार असाल तर आधी रक्कम सांगा आणि मग बाजूला व्हा. आयव्हीएफचा खर्च मोठा असतो. तो दिला म्हणून रिपोर्ट बघायचा हक्क मिळत नाही.

मूल हवं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ आणि वंध्यत्वतज्ज्ञ या दोघांना एकमेकांच्या औषधांची चिठ्ठी दाखवायची. वंध्यत्वाच्या डॉक्टरांपासून डिप्रेशन लपवणारी जोडपी आम्ही पाहतो. त्यामुळे शुक्राणूंच्या आकड्यांचा चुकीचा अर्थ लागतो आणि फुकट औषधं वाढतात. मन स्थिर झालंय, काही महिने बरं आहे, अशा वेळी हवं तर गोळी बदलायची, कमी करायची, आणि तीन महिन्यांनी तपासायचं, हे सगळं योजून करता येतं. आजार जोरात असताना मात्र मुलाच्या मनाला आधी उभं राहू द्या.

आता आलेले काही प्रश्न घेतो.

पहिली चिठ्ठी: ‘मुलगा एकोणतीसचा आहे, गोळ्या चालू आहेत. लग्न करून दिलं तर सुधारेल का?’ लग्न हे डिप्रेशनचं औषध नाही. बरा असेल, त्याची इच्छा असेल, तर लग्न जरूर करावं. पण मुलीला लग्नाआधी आजाराबद्दल सांगायचं, आणि ते मुलाने स्वतः सांगायचं. लपवून केलेल्या लग्नात पहिली गोष्ट कुठली बंद होते? गोळी. कारण ती घ्यायला कपाट उघडावं लागतं.

दुसरी: ‘मुलाला व्हॅल्प्रोएट चालू आहे, तेही डिप्रेशनचंच का?’ नाही. ते फिटवर आणि बायपोलर आजारावर देतात. त्याचा मुद्दा वेगळा आहे. जानेवारी २०२४ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी सांगितलं की गर्भधारणेआधीच्या तीन महिन्यांत वडील हे औषध घेत असतील तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याची शक्यता आहे, म्हणून काळजी घ्यावी. तेव्हा मूल ठरवण्याच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं, तोवर गर्भनिरोधन वापरायचं, आणि औषध मनाने मुळीच थांबवायचं नाही. फिट येणाऱ्याने ते एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं.

तिसऱ्या चिठ्ठीत एका आईंनी लिहिलंय, ‘आम्हाला नातवंड हवंय, यात आमचं काय चुकलं?’ काहीच नाही हो. ती इच्छा खरी आहे आणि तिचं दुःखही खरं आहे. फक्त ते दुःख मुलासमोर मांडायचं नाही. बहिणीशी बोला, मैत्रिणीशी बोला, आमच्याकडे या. आई-वडिलांनी समुपदेशकाकडे यायला मुलाची परवानगी लागत नाही.

शेवटची: ‘रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य आले. मुलगा बोलत नाही, गोळ्याही नको म्हणतो.’ आधी आजची रात्र आणि पुढचे दोन दिवस. त्याला एकटं ठेवू नका, जीव देण्याचे विचार येतात का ते सरळ विचारा, डॉक्टरांना फोन करा. रिपोर्टचं नंतर बघू. शून्य आलं म्हणजे तपासणी पुन्हा करायची, हॉर्मोन पाहायची, गरज पडली तर जनुकीय तपासणी. कुठे वाट बंद असते, पण आत निर्मिती चालू असते. तिथे वृषणातून शुक्राणू काढून बीजात टोचता येतो. ती पद्धत, इक्सी, १९९२ पासून आहे. कुठे निर्मितीच नसते, तिथे नोंदणीकृत बँकेतून दात्याचं वीर्य किंवा दत्तक हे मार्ग आहेत. त्यांतला कुठला घ्यायचा, की कुठलाच घ्यायचा नाही, हे मुलगा आणि सून ठरवतील, आणि ते ठरवायला त्यांना कदाचित वर्ष लागेल. ताईंनी चिठ्ठीवर नाव लिहिलेलं नाही, पण त्या इथे असतील तर कार्यक्रम संपल्यावर लगेच जाऊ नका. आम्ही दोघं स्टेजच्या डाव्या बाजूला थांबतो.